तळाशी बसलेली हवा

नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या जुन्या घराच्या मागच्या अंगणात विहीर आहे. नळ आले तेव्हा तिच्यावर लोखंडी जाळी पडली, जाळीवर आईच्या कुंड्या आल्या, आणि आपल्याकडे विहीर आहे हेच आम्ही विसरून गेलो. या एप्रिलमध्ये पाण्याची ओरड सुरू झाली तसं आईने मनावर घेतलं, विहिरीतला गाळ काढायचा. भाऊ बोअर मारू म्हणत होता. आईने ऐकून घेतलं आणि कामठीकडच्या एका म्हाताऱ्या कामगाराला निरोप धाडला. तो मुलाला घेऊन ऊन चढायच्या आत आला. कुंड्या हलवल्या, जाळी काढली, मोटर लावून पाणी उपसलं. दोर, बादल्या, फावडं कठड्याशी मांडून झाल्यावर त्याने पिशवीतून एक कंदील काढला. वात सारखी करून पेटवला, दोराला बांधला आणि हळूहळू खाली सोडायला लागला. आम्ही सगळे कठड्याशी गोळा झालो. "वाकू नोका कोणी," तो म्हणाला. दगडी बांधणीच्या सांध्यांतून पिंपळाची मुळं बाहेर आली होती, कंदिलाच्या उजेडात ती एकेक करून दिसत गेली. तळ अजून चार-पाच हात असेल तेवढ्यात ज्योत आखूड झाली, जरा थरथरली आणि गेली. वारा नव्हता, पाण्याचा थेंब पडला नव्हता. म्हाताऱ्याने दोर धरून ठेवला, मान हलवली. "खाली हवा बसून आहे, ताई. आज नाही उतरत कोणी."

मग त्याने कडुनिंबाच्या फांद्या मागितल्या. भाच्याने दारातल्या झाडाच्या दोन चांगल्या पालेदार फांद्या तोडून दिल्या. त्यांची मोळी दोराला बांधून बापलेक ती विहिरीत खालीवर करायला लागले. खाली सोडायची, वर ओढायची, परत सोडायची. मधेच वरून बादलीभर पाणी धबकन ओतायचं. थोड्या वेळाने खालून वास यायला लागला, कुबट, थंड, वर्षानुवर्षं कुजलेल्या पाल्याचा. घरातून कूलरच्या ओल्या वाळ्याचा वास येत होता आणि अंगणात दोन्ही वास एकमेकांत मिसळले होते. संध्याकाळी कंदील पुन्हा सोडला. विझला नाही, पण ज्योत मलूल होती. "उद्या," म्हातारा म्हणाला. दुसऱ्या दिवशी सकाळी ज्योत तळापर्यंत ताठ राहिली तेव्हा कुठे त्याने मुलाच्या कमरेला दोर बांधून त्याला आत सोडलं. गाळ निघाला, आजीच्या वेळचा एक पितळी तांब्या निघाला, आईला फार आनंद झाला. माझ्या डोक्यात मात्र तो विझलेला कंदील राहिला. ती हवा तिथे कधीपासून बसून होती? वर आम्ही कुंड्यांना पाणी घालत होतो, दिवाळीत कठड्यावर पणत्या लावत होतो, आणि त्याच अंगणात थोडंसं खाली ज्योत टिकणार नाही अशी हवा साठून होती. ती तिथे टिकून राहिली, कारण तिला कोणी हलवलं नाही.

हा प्रश्न मनात इतका खोल गेला त्याला कारण आहे. हिमयुगांबद्दल मिळेल ते वाचायचं वेड मला बरीच वर्षं आहे. नागपूरच्या उन्हात वाढलेल्या मुलीला बर्फाचं वेड लागावं यात नवल नाही म्हणा. पण माझं वेड बर्फापेक्षा त्या काळातल्या हवेचं आहे. ती हवा आजही जपलेली आहे, हे कळलं तेव्हा मी थक्क झाले होते. १९६५ साली अंटार्क्टिकावर काम करणाऱ्या क्लोद लोरियुस या फ्रेंच हिमशास्त्रज्ञाने खोलातून काढलेल्या जुन्या बर्फाचा तुकडा व्हिस्कीच्या पेल्यात टाकला. बर्फ वितळताना त्यातून बुडबुडे फुटायला लागले, आणि त्याच्या लक्षात आलं की हे बुडबुडे म्हणजे तो बर्फ तयार झाला त्या काळची हवा. पुढे अंटार्क्टिकावरच्याच व्होस्टोक या तळावर, म्हणजे जिथे २१ जुलै १९८३ रोजी उणे ८९.२ अंश तापमान नोंदलं गेलं त्या जागी, ३,६२३ मीटर खोल छिद्र पाडून बर्फाचे दंडगोल काढले. त्यांत चार लाख वीस हजार वर्षांची हवा होती. युरोपीय चमूने अंटार्क्टिकावरच दुसऱ्या ठिकाणी तो हिशेब आठ लाख वर्षांपर्यंत मागे नेला.

त्या हवेत एक ठेका आहे. उबदार काळात हवेच्या दर दहा लाख रेणूंमध्ये कर्बवायूचे, म्हणजे कार्बन डायऑक्साइडचे, साधारण २८० रेणू. हिमयुग ऐन भरात आलं की १८० ते १९०. पुन्हा २८०. पुन्हा १८०. आठ लाख वर्षांत हा आकडा कित्येकदा खाली गेला आणि कित्येकदा वर आला. शंभर रेणू हे ऐकायला फार नाहीत, पण वजनात मांडलं तर तो सुमारे २०० अब्ज टन कार्बन होतो. एवढा कार्बन हवेतून निघून जातो, हजारो वर्षं कुठेतरी राहतो, आणि परत येतो. पृथ्वीच्या कक्षेतल्या आणि अक्षाच्या कलण्यातल्या बारीक बदलांनी हिमयुगांच्या वेळा ठरतात, हे आता पक्कं झालेलं आहे. पण नुसत्या त्या बदलांनी पृथ्वी एवढी गारठत नाही. ती गारठते आणि गारठलेली राहते, त्यात या हरवलेल्या कर्बवायूचा मोठा हात आहे. स्वान्ते अऱ्हेनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने १८९६ साली कर्बवायू आणि तापमानाचं ते प्रसिद्ध गणित मांडलं, ते मुळात हिमयुगं कशी येतात या कोड्यासाठीच. आजच्या तापमानवाढीच्या चर्चेत त्याचं नाव घेताना हे कोणी सांगत नाही, याची मला हळहळ वाटते.

कोणालाही आधी झाडं आठवतात. झाडांनी घेतला असेल. पण हिमयुगात झाडांचीच दैना होती. कॅनडा आणि उत्तर युरोप किलोमीटर-किलोमीटर जाडीच्या बर्फाखाली होते. बर्फात एवढं पाणी अडकलं होतं की समुद्राची पातळी आजच्यापेक्षा १२० मीटरहून अधिक खाली गेली होती. आपल्याकडे बर्फ नव्हता, पण पाऊसही धड नव्हता, मान्सून दुबळा झाला होता. जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटणे गावी उत्खननात शहामृगाच्या अंड्याची कवचं सापडली, त्यांतल्या एकावर माणसाने कोरलेली नक्षी आहे. वय सुमारे २५,००० वर्षं. खानदेशात शहामृगं फिरत होती! मला हे वाचल्यापासून अजिंठ्याच्या रस्त्याने जाताना दोन्ही बाजूंच्या माळावर ती दिसायला लागतात. मुद्दा असा की जंगलं आणि माती मिळून जमिनीवरचा कार्बन त्या काळात वाढला नाही, बहुतेक अंदाजांप्रमाणे तो काही शे अब्ज टनांनी कमीच झाला. म्हणजे हवेतला गेला, वर जमिनीवरचाही गेला.

उरला समुद्र.

आणि समुद्राकडे जागा किती, तर औद्योगिक काळाच्या आधी हवेत सहाशे अब्ज टनांच्या आसपास कार्बन होता, त्याच वेळी समुद्रात सुमारे ३८,००० अब्ज टन. साठपटीहून जास्त. त्यातला बहुतेक खोल पाण्यात, जिथे उजेड कधीच पोचत नाही. तिथे तो जातो कसा, हे मला फार सुंदर वाटतं. समुद्राच्या वरच्या थरात डोळ्यांना न दिसणारी प्लवकं उन्हावर वाढतात आणि पाण्यातला कर्बवायू अंगात घेतात. त्यांना खाणारे त्यांना खातात, मरणारे मरतात, आणि विष्ठा, मेलेले जीव, चिकट गोळे असं सगळं पांढुरक्या भुरभुरीसारखं खाली पडत राहतं. त्याला सागरी हिम म्हणतात. वाटेतच बहुतेक सगळं जिवाणू फस्त करतात, वर तयार झालेल्यातला जेमतेम एक टक्का तळाला लागतो. पण जे वाटेत कुजतं त्याचा कर्बवायू त्या खोल पाण्यातच सुटतो आणि तिथेच राहतो, कारण ते पाणी पुन्हा वर येऊन हवेला लागायला सरासरी हजार वर्षांच्या घरात काळ जातो. समुद्रातले हे जीव उद्या हे काम करायचे थांबले, तर हवेतला कर्बवायू दर दहा लाखांमागे दीडशे-दोनशेने वाढेल. आपण श्वास घेतो त्या हवेचं प्रमाण अशा जिवांनी धरून ठेवलं आहे ज्यांचं नावही आपल्याला ठाऊक नसतं.

आमच्या विहिरीशी याचं साम्य कुठे संपतं तेही सांगायला हवं. विहिरीतली हवा ही हवाच होती, जड म्हणून तळाशी बसलेली. समुद्रात कर्बवायू वायूच्या रूपात साठत नाही. तो पाण्याशी संयोग पावतो आणि त्यातला नव्वद टक्के भाग बायकार्बोनेटच्या रूपात विरघळलेला असतो. त्याला खाली दाबून धरणारं काही नाही. तो खाली राहतो, कारण ज्या पाण्यात तो आहे ते पाणीच खाली राहतं. म्हणून हिमयुगाच्या कोड्याचा खरा प्रश्न असा होतो: त्या काळात खोल समुद्राचं पाणी वर यायचं कशामुळे थांबलं?

थंड पाणी जास्त वायू विरघळवून घेतं, हे तर शाळेतलं उत्तर. ते खरंही आहे, पण शंभरातल्या तीसेक रेणूंचाच हिशेब त्याने लागतो, आणि त्यातलाही थोडा परत जातो, कारण बर्फाने पाणी ओढून घेतल्यामुळे समुद्र अधिक खारट झाला होता आणि खारट पाणी वायू कमी घेतं. बाकीच्यासाठी बघावं लागतं ते पृथ्वीच्या पार दक्षिणेला, अंटार्क्टिकाभोवतीच्या समुद्राकडे, म्हणजे दक्षिण महासागराकडे. आज तिथे पश्चिमी वारे अखंड घोंघावतात, वरचं पाणी बाजूला लोटतात आणि त्याच्या जागी खोल पाणी वर येतं. शतकानुशतकं खाली साठलेला कर्बवायू तिथे हवेला भेटतो. जगातल्या खोल समुद्राचं तोंड उघडतं ते प्रामुख्याने तिथे. हिमयुगात हे तोंड बऱ्याच अंशी मिटलं होतं. हिवाळ्यातला समुद्री बर्फ आजच्या जवळजवळ दुप्पट क्षेत्रावर पसरत होता. पाणी गोठताना मीठ बाहेर टाकतं, ते मिठाचं जड पाणी थेट तळाला जातं. वर हलकं, थंड, बर्फाने झाकलेलं पाणी आणि खाली खारट, गोठणबिंदूच्या अगदी जवळचं जड पाणी, असे दोन मजले झाले आणि त्यांच्यातलं येणंजाणं मंदावलं. हे कोणी कल्पनेने रचलेलं नाही. समुद्रतळाच्या गाळात कणांच्या फटींमध्ये त्या काळचं पाणी अजून अडकलेलं आहे. ते काढून तपासलं तर दक्षिण महासागराचं खोल पाणी तेव्हा जगात सर्वांत खारट असल्याचं दिसतं. आज तसं नाही.

बर्फाचं झाकण किती, वाऱ्यांची जागा सरकणं किती, आणि समुद्री जिवांची वाढ किती, याच्या वाटणीवरून शास्त्रज्ञांमध्ये अजून भांडणं आहेत. मला ती भांडणं वाचायला आवडतात. त्यात खरी तळमळ असते.

पण पाणी खाली किती काळ राहिलं हे कळतं कसं? यासाठी ज्यांचा उपयोग होतो त्यांची छायाचित्रं मी तासन्तास बघितली आहेत. फोरामिनिफेरा नावाचे एकपेशीय जीव, आकार मिलिमीटरच्या अर्ध्याहून कमी, पण प्रत्येकाने स्वतःभोवती चुन्याचं घर बांधलेलं. एकाला लागून एक अशा गोलसर खोल्या, प्रत्येक नवी खोली आधीच्यापेक्षा मोठी, भिंतींना अगणित सूक्ष्म छिद्रं. १८७२ साली निघालेल्या चॅलेंजर या ब्रिटिश संशोधन जहाजाने समुद्राच्या तळातून गाळ उपसला तेव्हा मैलोन् मैल तळ याच घरांनी भरलेला निघाला. काही जाती समुद्राच्या वरच्या थरात राहतात, काही तळावर. दोन्ही मेल्यावर एकाच गाळात पडतात. आता गाळाच्या एकाच थरातून दोन्ही प्रकारची घरं सूक्ष्मदर्शकाखाली ब्रशने वेचायची आणि त्यांतला किरणोत्सारी कार्बन मोजायचा, जो ५,७३० वर्षांत निम्मा होतो. वरच्या जिवाने हवेच्या संपर्कातल्या ताज्या पाण्यातून कार्बन घेतला, तळाच्या जिवाने जुन्या पाण्यातून. एकाच वेळी जगलेले दोघे, पण तळाचा वयाने मोठा निघतो. तो फरक म्हणजे ते पाणी हवेपासून दूर राहिल्याचा काळ. हिमयुगातल्या थरांत हा फरक आजच्यापेक्षा बराच जास्त आहे, दक्षिण महासागरात काही ठिकाणी दुपटीहून अधिक. विहिरीच्या कठड्याशी मला पडलेला "कधीपासून" हा प्रश्न समुद्राच्या बाबतीत कोणीतरी ब्रशने दाणे वेचून सोडवला आहे, हे कळल्यावर मला त्या अनोळखी माणसांबद्दल फार माया वाटली.

समुद्री जिवांच्या वाढीचा जो पक्ष आहे त्यात एक गोष्ट लोखंडाची. दक्षिण महासागरात बाकीची पोषकद्रव्यं मुबलक आहेत, लोह नाही, म्हणून प्लवकं हवी तेवढी वाढत नाहीत. हिमयुगात दक्षिण अमेरिकेच्या टोकाकडच्या पॅटागोनियाच्या कोरड्या माळांवरून धूळ उडत होती, अंटार्क्टिकाच्या बर्फात त्या काळच्या थरांत ती भरपूर सापडते, आणि धुळीत लोह असतं. जॉन मार्टिन या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९८८ साली सांगितलं, मला अर्धं जहाज लोखंड द्या, मी तुम्हाला हिमयुग आणून देतो. झालं, कर्बवायू कमी करायला समुद्रात लोह टाकायची टूम निघाली. २००९ साली गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आणि जर्मनीची आल्फ्रेड व्हेगनर संस्था यांनी मिळून लोहाफेक्स नावाचा प्रयोग केला, दक्षिण अटलांटिकमध्ये सुमारे ३०० चौरस किलोमीटर पाण्यात लोह पसरलं. नावातलं लोह आपलंच. प्लवकं वाढली खरी, पण त्या पाण्यात सिलिका कमी होती, त्यामुळे सिलिकेचं, म्हणजे काचेचं, कवच बांधणारी डायटम नावाची जड प्लवकं वाढू शकली नाहीत. जे वाढलं ते लहान झिंग्यांसारख्या जिवांनी खाऊन टाकलं आणि खोलात फारच थोडा कार्बन गेला. मला हा प्रयोग अपयशी वाटत नाही. हजारो वर्षं चालणारी गोष्ट काही आठवड्यांत करून घेता येत नाही, हे त्याने मोजून दाखवलं.

आणि मग ते झाकण उघडलं. सुमारे १८,००० वर्षांपूर्वी दक्षिणेकडचा बर्फ मागे हटायला लागला, वाऱ्यांनी पुन्हा पाणी लोटायला सुरुवात केली, आणि आमच्या विहिरीत कडुनिंबाच्या फांदीने केलं ते दक्षिण महासागरात वाऱ्याने केलं. पुरावा पुन्हा गाळातच आहे: त्या काळाच्या थरांत डायटमच्या काचेच्या कवचांचा एकदम खच पडलेला दिसतो, कारण खोल पाण्याबरोबर पोषकद्रव्यंही वर आली. हवेतला कर्बवायू सुमारे ७,००० वर्षांत १९० वरून २६५ च्या पलीकडे गेला. ही चढण एकसारखी नव्हती. त्यात तीन उड्या आहेत, अंदाजे १६,३००, १४,८०० आणि ११,७०० वर्षांपूर्वीच्या. प्रत्येक उडी दहा ते पंधरा रेणूंची, आणि प्रत्येकीला एक-दोन शतकं लागली. पृथ्वीच्या या इतिहासात त्याला झपाटा म्हणतात. आज तेवढी भर आपण पाच-सहा वर्षांत घालतो.

इथे मला बाबांची आठवण येते. बाबा कोळसा खाणीच्या कचेरीत हिशेबनीस होते. एकदा त्यांनी कामठीकडून पाटीसारखा एक चपटा दगड आणला. करडा, कडेला तांबूस, आणि त्यावर पानाचा ठसा. जिभेसारखं लांबट पान, मधोमध ठळक शीर, तिच्यापासून दोन्ही कडांकडे जाणाऱ्या बारीक शिरांची जाळी. बोट फिरवलं तर शीर हाताला लागायची. ग्लोसोप्टेरिस, बाबांनी कोणाकडून तरी कागदावर लिहून आणलं होतं. तो दगड आमच्या देव्हाऱ्याखालच्या कपाटात अजून आहे. १९१२ साली दक्षिण ध्रुवावरून परतताना ब्रिटिश शोधप्रवासी स्कॉट आणि त्याचे सोबती उपासमारीने आणि थंडीने मेले, तेव्हा त्यांच्या घसरगाडीवर सुमारे १६ किलो दगड होते. जीव जात असताना त्यांनी ते टाकले नव्हते. त्या दगडांत याच वनस्पतीचे ठसे होते. कामठी आणि अंटार्क्टिका एके काळी एकाच भूखंडाचे भाग होते, आणि हे रान दोन्हीकडे माजलं होतं.

त्या रानाच्याही आधी इथे बर्फ होता. माझं जुनं वेड ज्या हिमयुगांचं आहे त्यांच्या खूप आधीचा, सुमारे तीस कोटी वर्षांपूर्वीचा. चंद्रपूरजवळ इरईला, पैनगंगेच्या पात्रातल्या चुनखडीवर हिमनदीने ओढत नेलेल्या धोंड्यांचे ओरखडे आहेत. भूशास्त्रीय सर्वेक्षणाच्या फेडन यांनी १८७० च्या दशकात, चॅलेंजर जहाज समुद्राचा तळ खरवडत होतं त्याच काळात, ते शोधून काढले. मे महिन्यात ज्या चंद्रपूरचं नाव देशातल्या सर्वांत तापलेल्या शहरांत येतं, तिथे! हिमनद्या गेल्या, खोऱ्यांत दलदली झाल्या, ग्लोसोप्टेरिस वाढलं, पडलं, गाडलं गेलं, कोळसा झालं. ही सुद्धा हवेतून काढून खाली ठेवलेल्या कार्बनचीच गोष्ट. फरक मुदतीचा. समुद्राची ठेव हजारो वर्षांची, फिरती. कोळशाची कोट्यवधी वर्षांची, आणि कोणी खणली नसती तर ती तशीच राहिली असती. माझ्या आताच्या घराच्या गच्चीवरून कोराडीच्या औष्णिक वीजकेंद्राच्या चिमण्या दिसतात. संध्याकाळी वाळलेले कपडे काढताना मी त्यांच्याकडे बघते आणि मनात दोन गोष्टी एकदम येतात. याच विजेवर आमचा कूलर चालतो, भाचा रात्री अभ्यास करतो, बाबांच्या पगारावर आम्ही शिकलो. आणि ते पान, जे कोट्यवधी वर्षं निवांत झोपलं होतं, ते मी माझ्या डोळ्यांसमोर हवेत जाताना बघते आहे. यातली कुठलीही एक भावना मला सोडता येत नाही.

गाळ काढण्याच्या निमित्ताने आईने सगळ्यांना जेवायला बोलावलं होतं. वडाभाताच्या पंगतीत हा विषय निघालाच, कारण मी तो काढला. मामा म्हणाले, "अगं, पण समुद्र एवढा मोठा आहे. तूच म्हणते साठपट. मग घेईल की तो सगळं. कायले एवढी चिंता करते?" मामांचं म्हणणं खोटं नाही. आपण सोडतो त्यातला साधारण चौथा हिस्सा समुद्र आजही घेतोच आहे, आणि त्यापायी वरचं पाणी आम्लाकडे झुकतं आहे, ज्याचा त्रास त्याच चुन्याची घरं बांधणाऱ्या जिवांना होतो. पण घेतो तो वरचा थर. खोल समुद्राची जागा कितीही मोठी असली तरी तिथे पोचायचा दरवाजा लहान आहे आणि तो हजार वर्षांच्या चालीने उघडतो. हिमयुगातून बाहेर येताना हवेत जेवढी भर पडायला हजारो वर्षं लागली, त्याहून जास्त भर आईच्या डोळ्यांदेखत पडली. १९५८ साली हवाईच्या मौना लोआ पर्वतावर कर्बवायूची सलग मोजणी सुरू झाली तेव्हा आकडा ३१५ होता आणि आई महालातल्याच शाळेत जात होती. आज तो ४२० च्या वर आहे. आपण सोडलेल्यातला १५ ते ४० टक्के भाग हजार वर्षांनंतरही हवेतच असेल, बाकीचा समुद्र आणि जमीन सावकाश पोटात घेत राहतील. समुद्र घेईल, मामा. पण त्याच्या वेळेने घेईल, आपल्या नाही.

मामा थोडा वेळ गप्प राहिले. भातावर फोडणीचं तेल घेता घेता त्यांनी विचारलं, "आणि ते तिकडचं दक्षिणेतलं झाकण? ते आता कसं आहे?" इतका नेमका प्रश्न मला आजवर कोणी विचारला नव्हता. मी सांगितलं की तिथले पश्चिमी वारे गेल्या काही दशकांत जोरदार झाले आहेत आणि ध्रुवाकडे सरकले आहेत. २०२३ च्या हिवाळ्यात अंटार्क्टिकाभोवतीचा समुद्री बर्फ, उपग्रहांच्या १९७९ पासूनच्या नोंदी बघता, त्या ऋतूतला सर्वांत कमी होता. याचा खोल पाण्यावर काय परिणाम होईल ते आत्ता जहाजांवरून आणि समुद्रात सोडलेल्या तरंगत्या यंत्रांवरून मोजलं जात आहे. आपल्याकडे पोळा होतो, मारबत निघते, गणपती बसतात, त्याच सुमारास तिकडे तो बर्फ वर्षातल्या सर्वांत मोठ्या पसाऱ्याला पोचतो. त्या दिवसांत तो आकडा मी शोधून वाचते. या वर्षी मामांनाही कळवायचा आहे, त्यांनी तसं बजावून ठेवलं आहे.